शांत खोलीतली कडक भाकरी

"आत कोण खायलंय?"

छताजवळच्या स्पीकरमधून आवाज आला आणि सिद्धेश्वरीच्या हातातला भाकरीचा तुकडा मांडीवर पडला.

दुपारचे अडीच वाजले होते. कान-नाक-घसा विभागात रेसिडेंट म्हणून रुजू होऊन तिला एकवीस दिवस झाले होते, आणि एकवीस दिवसांत ती एकदाही धड बसून जेवली नव्हती. ओपीडीत रोज दीडशे माणसं. कुणाच्या नाकात हरभरा, कुणाच्या घशात माशाचा काटा, कुणाच्या कानात दिवाळीपासून विसरलेला कापूस. मंद्रूपहून तिची आई, अव्वा, एसटीबरोबर डबा पाठवायची आणि तो जसाच्या तसा परत जायचा. आज मात्र तिनं ठरवलंच होतं. ऐकण्याची चाचणी करायची ती छोटी खोली तिला दिसली... जाड दरवाजा, भिंतींना फोम, एक खुर्ची, एक काचेची खिडकी. बाहेरचा आवाज आत येत नाही म्हणजे आतलाही बाहेर जात नसणार, असा साधा विचार करून ती शिरली होती.

विचार तसा बरोबर होता. फक्त खोलीत एक मायक्रोफोन असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सोलापूरची कडक भाकरी काय चीज असते, हे मायक्रोफोनला कुणी सांगितलं नव्हतं.

काचेपलीकडे एक तरुण बसला होता. कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर अगदी गाणं ऐकल्यासारखा भाव.

"थांबू नका," तो माइकमधून म्हणाला. "ज्वारीचीच आहे ना? बाजरीची एवढी कडाडत नाही."

"मी... मी रेसिडेंट आहे." एवढंच तिला सुचलं.

"ते कळलं. खुर्चीवर बसूनसुद्धा एवढ्या घाईनं रेसिडेंटच खातात."

हसावं की पळावं हे तिला ठरवता येईना. तोवर तो दरवाजा उघडून समोर उभा राहिला. उंच, सावळा, आणि बोलणं इतकं हळू की कान द्यावा लागावा.

"मी मल्लिकार्जुन. इथला ऑडिओलॉजिस्ट. कुणाला किती ऐकू येतं, ते मोजतो."

"आणि कोण किती आवाज करत खातं, तेही?"

"साठ डेसिबल," तो शांतपणे म्हणाला. "म्हणजे माझ्या दोन बोलण्याएवढं."

सिद्धेश्वरीला हसू आलं. एकवीस दिवसांतलं पहिलं. तिनं उरलेली अर्धी भाकरी आणि शेंगाची चटणी त्याच्यापुढं केली आणि त्यानंही आढेवेढे घेतले नाहीत.

त्याच दुपारी त्यांच्यात एक करार झाला. कान तपासायचं मशीन बरोबर चालतंय का, हे बघायला ज्याचं ऐकणं खणखणीत आहे असं एक माणूस आत बसवावं लागतं. मल्लिकार्जुनच्या हाताखालच्या जोयाला बारमाही सर्दी. तेव्हा सिद्धेश्वरीनं दर सोमवारी सकाळी आठ वाजता दहा मिनिटं आत बसायचं, आणि त्या बदल्यात दुपारची ती खोली तिच्या डब्याची.

"आवाज ऐकू आला की हे बटण दाबायचं," त्यानं तिच्या हातात वायरीचं बटण दिलं. "माझ्याकडं हिरवा दिवा लागतो. संपला की सोडायचं, दिवा विझतो. बस्स."

इतकी सोपी गोष्ट. पण काचेपलीकडून तो बारीक बारीक होत जाणारा आवाज सोडायचा, ती श्वास धरून ऐकायची, आणि बटण दाबताच त्याच्या चेहऱ्यावर हिरवा उजेड पडायचा. त्या उजेडात त्याच्या हनुवटीवरची छोटी खूण दिसायची. पुढं पुढं तर आवाज आला नाही तरी बटण दाबावंसं तिला वाटायला लागलं, पण तेवढी ती प्रामाणिक होती. बहुतेक वेळा.

*

रेसिडेन्सीचे दिवस पायाला भिंगरी लावून पळतात. पहिल्या वर्षी सिद्धेश्वरी नाकातून चिंचोके काढायला शिकली, श्वास अडकलेल्या माणसाच्या गळ्यात नळी बसवायला शिकली, आणि शल्यगृहात आपलं कोपर लागून मॅडमचा हात जरी हलला तर काय ऐकून घ्यावं लागतं तेही शिकली. विभागप्रमुख बिराजदार मॅडम. चष्म्यावरून नुसतं बघितलं तरी इंटर्न फाईल उलटी धरायचे. संध्याकाळी प्रयोगशाळेत बसून सिद्धेश्वरी सरावासाठी मृतदेहाचं कानामागचं हाड ड्रिलनं कोरायची. दाट, पांढरी धूळ उडायची, पाठ मोडायची, आणि एक दिवस त्या हाडाच्या पोटातून कानाची इवली इवली हाडं अख्खी समोर यायची. पहिल्यांदा ती हाडं दिसली तेव्हा सिद्धेश्वरी ते सांगायला जिना दोन-दोन पायऱ्या चढून कुणाकडं पळाली, हे सांगायची गरज आहे का?

"दिसली?" मल्लिकार्जुननं विचारलं.

"तिन्ही! एकीला एक चिकटून. रिकीब, ते शेवटचं हाड, तर तांदळाच्या दाण्याच्या निम्मं... सर, एवढ्याशा हाडावर माणसाचं सगळं ऐकणं असतं?"

"आमच्या कुर्डुवाडीच्या घरी विचारा," तो म्हणाला. "वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं. कान गेले. आमच्या घरात मीठ मागायचं तरी ओरडून मागतात. मी लहानपणी ठरवलं होतं, आपण हळू बोलायचं. आणि ज्याच्याशी हळू बोलता येईल अशा..."

"अशा?"

"अशा ठिकाणी नोकरी करायची," तो म्हणाला आणि उगाच मशीनची वायर सरळ करत बसला.

पण हे गोड-गोड सगळं एका सकाळी थांबलं. दुसऱ्या वर्षी सिद्धेश्वरीनं पहिल्यांदा एकटीनं कानाचा पडदा बसवला. बजाबाई नावाच्या शेतकरी बाई. टाके देताना सिद्धेश्वरीला आतून टाळ्या वाजल्यासारखं वाटत होतं. तीन महिन्यांनी बजाबाई चाचणीला आल्या. मल्लिकार्जुननं ग्राफ तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "पडदा टिकला नाही. ऐकणं होतं तिथंच आहे."

"पुन्हा करा."

"तीनदा केलं, डॉक्टर."

"निदान थोडं तरी..."

"ग्राफमध्ये थोडं घालता येत नाही," तो म्हणाला. हळूच म्हणाला. पण तिला ते अख्ख्या वॉर्डात ओरडल्यासारखं लागलं.

पंधरा दिवस ती त्या खोलीकडं फिरकली नाही. सोमवारी आठ वाजता जोया शिंकत शिंकत आत बसायची. सोळाव्या दिवशी सिद्धेश्वरी आपणहून गेली आणि बजाबाईंचा ग्राफ पुढं ठेवून म्हणाली, "कुठं चुकलं असेल, दाखवा." दोघं तासभर डोकं लावून बसले. सात महिन्यांनी तिनं बजाबाईंना पुन्हा बोलावून पुन्हा पडदा बसवला, आणि या वेळी ग्राफ वर चढला. तो तिच्या हातात देताना मल्लिकार्जुननं कागद लगेच सोडला नाही. नुसता बघत राहिला... इतका वेळ, की जोयाला खोकावं लागलं.

*

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला सुगराबी आली.

नवी पेठेत सुगराबी आणि तिचा नवरा रज्जाक यांचं बांगड्यांचं दुकान. सुगराबीचा कान असा, की काचेच्या दोन बांगड्या एकमेकींवर टिचकल्या की कुठली तडकलेली ते डोळे मिटून सांगणार. नुसत्या आवाजावर. पण आठ वर्षांत दोन्ही कानांतलं ऐकणं हळूहळू गेलं. आता रज्जाक टिचकायचा आणि रज्जाकच ऐकायचा. गिऱ्हाइकाच्या हातात तडकलेली बांगडी फुटून रक्त आलं, तेव्हापासून ती गल्ल्याशेजारी नुसती बसून असायची.

"मेरेकू बांगडीचा आवाज पायजे, बेटी," ती सिद्धेश्वरीला म्हणाली. "माणसांचा नाय आला तरी चालंल. माणसं लई बोलत्यात."

रज्जाकनं कपाळाला हात लावला.

तिच्या कानातली ती रिकीब घट्ट झाली होती, हलतच नव्हती. ती काढून तिथं केसाएवढा बारीक दांडा बसवायचा, म्हणजे आवाज पुन्हा आत पोचतो. कानाच्या शस्त्रक्रियांमधली ही सगळ्यात नाजूक. हात एक केस हलला, तर आहे तेवढं ऐकणंही कायमचं जातं. ही केस कोण करणार, यावर विभागात आठवडाभर कुजबुज होती. सगळ्यांचा अंदाज डॉ. अभिमन्यूवर होता, तो तिच्याहून सिनियर. शनिवारी यादी लागली. सुगराबीपुढं नाव होतं... डॉ. सिद्धेश्वरी.

रविवारभर ती जमिनीवर नव्हतीच. सोमवारी आठला ती खोलीत जाऊन बसली, हेडफोन लावले, बटण हातात घेतलं. काचेपलीकडे मल्लिकार्जुन मशीनपाशी वाकला होता. त्यानं हातातली जाडजूड फाईल मशीनवर टेकवली, नेमकी आत बोलायच्या बटणावर. त्याच्या ते लक्षात आलं नाही. आणि जोया आत आली.

सिद्धेश्वरीच्या कानात दोघांचा आवाज स्वच्छ येऊ लागला.

"सर, सुगराबींची केस सिद्धेश्वरी मॅडमला मिळाली म्हणे. अभिमन्यू सर तोंड पाडून फिरायलेत."

"मीच बिराजदार मॅडमकडं नाव घेतलं."

"व्हय की काय!" जोया हसली. "तुम्हाला आवडतात त्या, म्हणून?"

सिद्धेश्वरीच्या हातातलं बटण घामानं ओलं झालं.

"आवडतात की," मल्लिकार्जुनचा हळू आवाज आला. "लई आवडतात. पण..."

जोयानं फाईल उचलली. हेडफोनमध्ये एकदम सामसूम.

मग पुढचा आवाज आला, चाचणीचा, बारीक. तिनं बटण दाबलं नाही. मोठा आवाज आला. तिनं दाबलं नाही. तिला फक्त स्वतःची छाती ऐकू येत होती.

"डॉक्टर?" काचेपलीकडे तो घाबरला. "चाळीसवर पण ऐकू येईना? मशीन बिघडलं काय?"

मशीन ठणठणीत होतं. बिघडली होती ती सिद्धेश्वरी.

जिन्यात ती दोनदा हसली आणि तिसऱ्यांदा एकदम थांबली. लई आवडतात! एखाद्या मुलीनं हे ऐकून गिरकी घ्यावी. पण त्याच्या आधीचं वाक्य? मीच नाव घेतलं. म्हणजे हे नाव हाताच्या जोरावर मिळालं की हनुवटीवर खूण असलेल्या एका माणसाच्या जिव्हाळ्यावर? सुगराबीचा कान कुणाच्या प्रेमाखातर पणाला लावायचा नव्हता. आनंद आणि राग एकाच वेळी अंगात मावेनात, तेव्हा ती सरळ बिराजदार मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

"मॅडम, सुगराबींची केस अभिमन्यू सरांना द्या."

चष्मा खाली आला. "का गं? हात कापायलेत?"

"नाही. माझं नाव... कुणी आवडीपोटी सुचवलं असेल तर मला ते नको."

मॅडमनी तिच्याकडं बघितलं. मग दाराकडं बघितलं. मग, तीन वर्षांत पहिल्यांदाच, त्या हसल्या.

"अच्छा! म्हणजे तुला कळलं तर." त्यांनी फोन लावला. "जोया, ती फाईल घेऊन ये."

फाईल आली. तीच जाडजूड. आत एकेचाळीस ग्राफ होते. सिद्धेश्वरीच्या एकेचाळीस शस्त्रक्रिया, प्रत्येक कागदावर आधीचं आणि नंतरचं ऐकणं, तारखेसह. सगळ्यात वर बजाबाईंचा तो पहिला, सपाट ग्राफ. त्यावर बारीक अक्षरात चिठ्ठी होती: 'हा चुकलेला मुद्दाम वर ठेवला आहे. शेवटचा ग्राफ याच रुग्णाचा आहे, तोही बघावा. मग निर्णय घ्यावा.'

"त्यानं नाव सुचवलं, व्हय," मॅडम म्हणाल्या. "मी म्हटलं, पुरावा आण. हे आणलं. आवडत्या माणसाचा नापास झालेला पेपर कुणी वर ठेवून आणतं का गं? आणि त्याच्या सांगण्यावर मी केस देते होय? खाली कपाटात तू कोरलेली सगळी हाडं आहेत. एकेक भिंगाखाली धरून बघितलंय मी. परवा सकाळी नऊला हात धुऊन उभी राहा. जा."

ती बाहेर आली. 'पण'च्या पुढचं सगळं त्या फाईलमध्ये होतं.

*

बुधवारी सकाळी नऊ. मायक्रोस्कोपखाली सुगराबीचा कान. भूल फक्त कानापुरती, त्यामुळं सुगराबी जागी, हिरव्या कापडाखाली पुटपुटत. शेजारच्या भिंगाला डोळा लावून बिराजदार मॅडम.

सिद्धेश्वरीनं पडदा अलगद उचलला. आत ती घट्ट झालेली रिकीब. तिचे दोन बारीक पाय तिनं एकेक करून सोडवले. मग तळाला भोक पाडायचं होतं, टाचणीच्या टोकाएवढं, आणि त्याच्या मागं आतला कान. इथंच सगळं जातं किंवा येतं. खोलीत कुणी हलत नव्हतं. तिचा श्वास आपोआप संथ झाला. हात शांत होता. इतका शांत की तिला स्वतःलाच नवल वाटलं. भोक पडलं. दांडा चिमट्यात आला, पुढं सरकला, भोकात उतरला... आणि बसला.

"आता विचार तिला," मॅडम कुजबुजल्या.

तेवढ्यात दार उघडलं. हिरवे कपडे, टोपी, मास्क. फक्त डोळे दिसत होते, पण तिला तेवढे पुरले. मल्लिकार्जुननं टेबलापासून लांब उभं राहून हात वर केला. हातात रज्जाककडून आणलेल्या काचेच्या चार बांगड्या होत्या. त्यानं तिच्याकडं बघितलं. तिनं मान हलवली.

टिक्.

कापडाखालचं पुटपुटणं थांबलं.

त्यानं दुसरी जोडी वाजवली. टिक्.

"या अल्ला," सुगराबी म्हणाली. मग एकदम तिचा दुकानातला खणखणीत आवाज आला, "ये दुसरेमें एक तडकी हुई है! कोन दिया तुमना? रज्जाक दिया? उसको कुछ कळतच नाय!"

मल्लिकार्जुननं दुसरी जोडी उजेडात धरली. एका बांगडीला केसाएवढा तडा होता.

कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी मास्कमध्येच ओरडलं. मॅडम फक्त म्हणाल्या, "बरं झालं, पुढचं आवर." पण त्यांचा चष्मा धुरकट झाला होता. सिद्धेश्वरीनं पडदा जागेवर बसवला आणि मगच तिनं वर बघितलं. मास्कवरचे ते दोन डोळे अजून तिथंच होते, आणि ते भरले होते.

*

सहा आठवड्यांनी सोमवारी सकाळीच सुगराबीची चाचणी झाली. ग्राफ असा चढला होता, की मल्लिकार्जुननं तो दोनदा करून बघितला. सुगराबीनं सिद्धेश्वरीचा हात धरून त्यात डझनभर हिरव्या बांगड्या चढवल्या. "आपरेशनला काढ. बाकीचा वेळ घाल. एक पण तडकी नाय, मी स्वतः ऐकल्यात." आणि जाता जाता मल्लिकार्जुनकडं बघून म्हणाली, "ये लडका इतका हळू का बोलतो? अब तो मेरेकू भी ऐकू येतं."

जोया फाईल ठेवायला म्हणून गेली आणि परत आलीच नाही. शहाणी मुलगी.

"चला," मल्लिकार्जुन म्हणाला. "आठ वाजून गेले. बसा आत."

"आज तुम्ही बसा."

"मी?"

"तीन वर्षं एकाच कानावर मशीन तपासताय. हे बरोबर नाही." तिनं खोलीचा दरवाजा उघडून धरला.

तो बसला. हेडफोन लावले, बटण हातात घेतलं. ती मशीनपाशी आली. ओठ बघून कुणी ओळखू नये म्हणून तो शब्दांच्या चाचणीला तोंडापुढं कागद धरायचा, तसा तिनं धरला, आणि आत बोलायचं बटण दाबलं. "शब्द ऐकू आला की दिवा लावायचा," ती म्हणाली.

"चादर." दिवा लागला, विझला.

आवाज पाच डेसिबल खाली. "रेल्वे." लागला, विझला.

आणखी खाली. "भाकरी." लागला. आत तो हसत होता.

कुजबुजण्याच्याही खाली तिनं मशीन आणलं. त्या हालचालीनं मनगटावरच्या बांगड्या वाजल्या.

"एक पण तडकलेली नाही," आतून तो म्हणाला.

"गप्प बसा. रुग्णानं बोलायचं नसतं." तिनं कागद तोंडाशी घट्ट धरला. "त्या सोमवारी तुमची फाईल या बटणावर होती. मी सगळं ऐकलं. 'पण'पर्यंत."

आतला चेहरा गोठला. दिवा लागला नाही.

"पुढचं मॅडमनी दाखवलं. एकेचाळीस ग्राफ. बजाबाई सगळ्यात वर." तिनं आवाज आणखी पाच खाली केला. याच्या खाली मशीनमध्ये आकडाच नव्हता. "मल्लिकार्जुन... तू पण मला आवडतोस. लई."

एक क्षण गेला. दुसरा गेला. ऐकू आलं नाही की काय? मशीन बिघडलं की काय? तिनं कागद खाली घेतला.

हिरवा दिवा लागला.

तिच्या हातांवर, बांगड्यांवर, सुगराबीच्या ग्राफवर हिरवा उजेड पडला. ती वाट बघत राहिली. दिवा विझेना.

"अरे, शब्द संपला की बटण सोडायचं असतं," ती म्हणाली. हसू आवरता आवरेना, डोळेही पुसवेनात.

"माहीत आहे," काचेपलीकडून तो इतक्या हळू म्हणाला, की ते फक्त तिलाच ऐकू यावं.

आणि त्यानं बटण सोडलं नाही.